बघून सांगतो

मैनाचं ते पत्र १९८०च्या शिमग्यात आलं होतं, आणि अण्णांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

तसे अण्णा पत्र ठेवून देणाऱ्यांतले नव्हेत. उलट रत्नागिरीजवळच्या मिऱ्यावरच्या त्यांच्या वाडीत निम्म्या घरांची पत्रं त्यांच्याच हातची जात. हरिश्चंद्र शिवलकर हे नाव पगारपत्रकापुरतं. बाकी सगळ्यांचे ते अण्णा. रत्नागिरीतल्या एका शाळेचं ग्रंथालय त्यांनी सत्तावीस वर्षं सांभाळलं होतं. कुणाच्या कलमाला भिरुडाची कीड लागली, कुणाला औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी लागेना, कुणाला जहाजाच्या कंपनीकडे अर्ज करायचा असला, की माणूस अण्णांच्या पडवीत येऊन बसे. अण्णा चष्मा पुसत म्हणत, "बघून सांगतो." आणि दोन दिवसांनी खरंच पुस्तकात बघून सांगत. न बघता त्यांनी जन्मात कुणाला काही सांगितलं नव्हतं. लोक म्हणत, हा त्यांचा गुण. अण्णांना मात्र आतून ठाऊक होतं, की हा गुण नव्हे, ही भीती आहे. आपलं चुकलं तर?

मैना ही त्यांची एकुलती एक मुलगी. मुंबईला नर्सिंग संपवून ती तिथल्याच एका इस्पितळात लागली होती. तिने लिहिलं होतं:

"ती. बाबांना शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, आमच्या होस्टेलात फिलोमिना म्हणून वसईची मुलगी आहे, ती गिटार वाजवते. तिने मला थोडं दाखवलं. तारा दाबून बोटांची टोकं सोलवटली, तरी मला फार आवडलं. एक घ्यावी असं मनात आहे. पण पहिली गिटार कशी बघून घ्यावी ते कळत नाही. आणि आपल्या घरात कुणी कधी काही वाजवलेलं नाही, तेव्हा माझ्यासारखीला ती येईल का, हेही कळत नाही. तुम्ही बघून सांगा. तुमचं उत्तर आलं की ठरवीन."

अण्णा दुसऱ्याच दिवशी ग्रंथालयातल्या कपाटापुढे उभे राहिले. संगीताच्या खणात पुस्तकं तीन. दोन हार्मोनियमवरची, एक भजनांचं. एका जुन्या इंग्रजी कोशात गिटारवर चार ओळी सापडल्या: सहा तारांचं वाद्य, स्पेनकडचं, वगैरे. एवढ्यावर काय सांगणार? त्यांनी मागणीच्या वहीत 'गिटारवरील पुस्तक, एक प्रत' असं लिहिलं आणि मैनाचं पत्र घरच्या शब्दकोशात ठेवून दिलं. पुस्तक आलं नाही. महिना गेला तसं उत्तर लिहायला अवघड वाटू लागलं, वर्ष गेल्यावर लाज वाटू लागली, आणि मग मैनाच विसरली असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली.

मैना विसरली नव्हती. ते कळलं १९८६च्या मे महिन्यात. तोवर अण्णा निवृत्तही झाले होते.

त्या मे महिन्याच्या अखेरीस मैना चार दिवस येऊन गेली. मस्कतच्या इस्पितळात तिला नोकरी मिळाली होती. ऑक्टोबरच्या दोन तारखेला विमान, आणि मग दोन वर्षं तिकडेच. आता मध्ये रजा मिळायची नव्हती, गणपतीलासुद्धा नाही. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मैनाची आई यमुनाबाई घरापुढच्या खळ्यात चटईवर आमसुलं परतत बसल्या होत्या आणि अण्णा पडवीच्या पायरीवर पेपर वाचत होते.

"पोर काम करताना गुणगुणत होती, ऐकलंत?" यमुनाबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, बाय, तुझ्या त्या गिटारचं काय झालं गो? तर म्हणाली, ते मी तेव्हाच सोडलं. बाबांना आवडलं नव्हतं ना."

अण्णांचा पेपर खाली आला. "मी कधी म्हटलं आवडलं नाही म्हणून?"

"आवडलं म्हणून तरी कधी म्हटलंत?"

"अगो, मला माहीतच नव्हतं काही! पुस्तकच मिळालं नाही कुठे."

यमुनाबाईंचा हात थांबला. त्यांनी नवऱ्याकडे नीट बघितलं. "म्हणजे नाही म्हणायचं नव्हतं तुम्हाला?"

"छे!"

"आणि सहा वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात, ती एका पुस्तकापायी?"

अण्णा पेपरची घडी घालू लागले.

"धन्य आहे. पोरीनं सहा वर्षं मनाला लावून घेतलंन. आता आत जा आणि दोन ओळी लिहा. आत्ता."

अण्णा आत गेले, कागद घेतला, 'चि. मैना, अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोचले,' असं लिहिलं आणि थांबले. सहा वर्षांपूर्वीचं पत्र पोचले! त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. त्यांनी शब्दकोश उघडून मैनाचं पत्र पुन्हा वाचलं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. पोरीने परवानगी मागितलीच नव्हती. तिने दोन प्रश्न विचारले होते. पहिली गिटार कशी बघून घ्यावी, आणि आपल्यासारख्याला ती येते का. दोन ओळी खरडून 'माझा विरोध नव्हता' म्हटलं, तर ती म्हणेल, बरं बाबा, आणि विमानात बसेल. प्रश्न होते तिथेच राहतील. आणि त्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं अण्णांना आजही ठाऊक नव्हती.

ते बाहेर आले. "यमुने, मी उद्या कोल्हापूरला जातो."

"कशाला?"

"गिटार आणायला."

"कुणाला?"

"मला."

यमुनाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "साठीला आलात, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. म्हणूनच उद्या जातो म्हटलं. परवा म्हटलं नाही."

हातखंब्यावरून आंबा घाट चढून एसटी कोल्हापुरात पोचली तेव्हा दुपार झाली होती. अण्णांनी विचारायचे प्रश्न वहीत लिहून नेले होते. वाद्यांच्या दुकानात शिरल्यावर वही खिशातून बाहेर निघेना. दुकानदार तोंडात पान धरून म्हणाला, "हवाईन का स्पॅनिश?"

हा प्रश्न वहीत नव्हता. अण्णांच्या तोंडून सवयीने निघालं, "बघून सांगतो."

"बघा की. बघायला काय लागतंय!" दुकानदाराने एक गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तारांवरून लोखंडी नळी सरकवत एक लांबलचक सूर काढला. "ही हवाईन. आता ही दुसरी स्पॅनिश. ही छातीशी धरायची, तार बोटानं दाबायची."

अण्णांना पत्रातली ओळ आठवली. तारा दाबून बोटांची टोकं सोलवटली. मग फिलोमिनाची ती हीच. "स्पॅनिश," ते म्हणाले.

दुकानदाराने एक झगझगीत लाल गिटार खाली काढली. तिच्या पोटावर फुलांचं चित्र होतं. "घेऊन जावा मास्तर. नातू खूश होईल."

नातू नाही, मलाच हवी आहे, हे सांगायचं धाडस अण्णांना झालं नाही. पण गिटार हातात आल्यावर त्यांनी एक गोष्ट केली, ती ठरवून केली नव्हती. त्यांचे वडील मचव्यावर खलाशी होते. वल्हं विकत घेताना ते एक डोळा मिटून वल्ह्याच्या टोकाकडून लांबवर बघत, आणि कितीही सुरेख रंगवलेलं वल्हं असलं तरी जरासा बाक दिसला की परत करत. अण्णांनी गिटार तशीच डोळ्यापुढे धरली.

"नेम धरताय का काय मास्तर? बंदूक नव्हं ती!" दुकानदार हसला.

लाल गिटारीची मान मध्येच वाकली होती. तारा मानेवरच्या पट्टीपासून इतक्या उंच, की दाबायच्या म्हणजे बोटांची शिक्षाच. अण्णांनी ती खाली ठेवली. भिंतीवर एक पिवळी, निस्तेज गिटार लटकत होती. ती त्यांनी मागून घेतली, डोळ्यापुढे धरली. मान सरळ होती, तारा पट्टीच्या जवळ होत्या.

"ती नको. पॉलिश गेलंय तिचं."

"मला हीच हवी," अण्णा म्हणाले, आणि आपण दुकानदाराला नाही म्हटलं याचं त्यांना परतीच्या प्रवासात हातखंब्यापर्यंत नवल वाटत राहिलं. गिटारीबरोबर दुकानदाराने एक पातळ इंग्रजी पुस्तक दिलं होतं. त्यात तारांच्या आकृत्या होत्या आणि कोणतं बोट कुठे ठेवायचं ते काळ्या ठिपक्यांनी दाखवलं होतं. पुस्तक हातात असल्यावर अण्णांना थोडा धीर आला.

वाडीत काही लपत नाही. अण्णा एसटीतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन उतरले, हे त्यांच्या आधी त्यांच्या घरी पोचलं होतं. तिसऱ्या दिवशी भजन मंडळाचा पेटीवाला भिकाजी पडवीत हजर झाला. भिकाजी उंचापुरा, आवाज ढोलासारखा. वाडीत सुरातलं कळणारा तो एकटा, असं सगळ्यांचं मत होतं, आणि त्याचंही.

"काय ओ अण्णा, बाजा आणलात म्हणे! आता नमनाच्या खेळात बसवायचं काय तुम्हाला?"

अण्णा ओशाळून हसले. "शिकतोय थोडं. या तारा लावायच्या आहेत. पुस्तकात दिलंय, ई, ए, डी..."

"ते साहेबाचं. आपल्याला काय करायचंय? आपल्या मंडळाची पट्टी काळी दोन. आणा इकडे."

भिकाजीने पेटी मागवली, भाता मारून काळी दोन धरली आणि एकेक खुंटी पिळत सहाही तारा लावल्या. सा, प, सा, सा, प, सा. तंबोरा लावतात तशा. अण्णांना पुस्तकातलं पहिलं पान आठवत होतं. तिथे सहा तारांना सहा अक्षरं होती, आणि ती अशी नव्हती. पण भिकाजी वाजवणारा माणूस. आपण काय, वाचणारे. अण्णा गप्प बसले.

तारा लावून झाल्यावर भिकाजीने सहाही तारांवरून अंगठा फिरवला, आणि पडवी गाभाऱ्यासारखी घुमली. यमुनाबाईसुद्धा चुलीवरचं टाकून दारात आल्या.

"बघा! याला म्हणतात सूर," भिकाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी नेम धरला. सकाळच्या चहाआधी एक तास, दुपारी जेवणानंतर एक तास. लोकांनी ऐकू नये म्हणून ते मागच्या लाकडांच्या खोपीत जाऊन बसत. पुस्तकातली पहिली आकृती दोन बोटांची होती. मधलं बोट इथे, तिसरं बोट तिथे, आणि सगळ्या तारा छेडा. अण्णांनी तसं केलं. ताट पडावं तसा आवाज आला. बोटं उचलली की तारा गोड घुमत, बोटं ठेवली की पुन्हा ताट पडे.

अण्णांनी बोटं मागे घेतली, पुढे घेतली. चष्मा लावून ठिपके मोजले, पट्टीने अंतर मोजलं. दुसरी आकृती बघितली, तिसरी बघितली. सगळी तीच रड. आषाढ गेला, श्रावण आला, बोटांच्या टोकांना फोड आले, फुटले, तिथे घट्टे पडले. अण्णा एकही दिवस चुकले नाहीत. आणि रोज त्यांच्या मनात एकच गोष्ट अधिक पक्की होत गेली: वाद्य चांगलं आहे. कुणी हात लावला नाही तर ते गोड वाजतं. बिघडतं ते आपला हात लागल्यावर.

"अहो, खोपीत मांजर अडकलंय की तुम्ही आहात?" यमुनाबाई विचारत. पण एके दिवशी अण्णांचा चेहरा बघून त्यांनी ते विचारायचं सोडलं.

नारळी पौर्णिमा झाली. सप्टेंबर तोंडावर आला. दोन ऑक्टोबरला विमान होतं, आणि मैनाला जायच्या आधी उत्तर मिळायलाच हवं होतं. एका सकाळी अण्णांनी कागद घेतला आणि एका बैठकीत लिहून टाकलं: 'चि. मैना, अनेक आशीर्वाद. तू गिटारविषयी विचारले होतेस. मी स्वतः आणून अडीच महिने न चुकता बघितली. आपल्यासारख्यांना ते येणारे नाही. तू घेतली नाहीस तेच बरे केलेस.' पाकीट चिकटवलं, पत्ता लिहिला आणि एसटीच्या थांब्याकडे निघाले. टपालाची लाल पेटी तिथेच होती.

पेटीच्या तोंडाशी पाकीट नेलं आणि त्यांचा हात अडला. ग्रंथालयात नवीन पुस्तक आलं की सगळी पानं उलटून, तपासून मगच ते त्यावर शिक्का मारत. सत्तावीस वर्षांत न तपासलेलं एकही पुस्तक त्यांनी कपाटात लावलं नव्हतं. हे उत्तर तपासलं होतं का? आपल्याला आलं नाही, एवढं खरं. पण का येत नाही, हे कुणाला विचारलं? पुस्तकात बघणं आणि माणसाला विचारणं, यातलं पहिलंच त्यांनी जन्मभर केलं होतं.

थांब्याच्या बाकावर काशीराम बसला होता. मालवाहू जहाजावर तीस वर्षं भंडारी, म्हणजे आचारी, म्हणून काढून तो गेल्याच वर्षी घरी परतला होता, आणि दिवसभर एसटीतून कोण उतरतं ते बघत बसायचा.

अण्णांनी पाकीट खिशात टाकलं. बाकाच्या टोकाला बसले. घसा साफ केला. "काशीराम, एक विचारू?"

"अण्णा मला विचारणार!" काशीराम बाजूला सरकला. "विचारा, विचारा. आज मासळी स्वस्त होणार."

"तुमच्या जहाजावर कुणी गिटार वाजवायचं?"

"म्हणजे काय! पावलू होता ना, गोंयकार. माझ्या हाताखाली कांदे चिरायचा. काम संपलं की तासन् तास तेच."

"त्याच्या तारा बोट न ठेवता, नुसत्या सुट्या छेडल्या, तर कशा वाजायच्या? गोड?"

काशीरामने डोळे बारीक करून समुद्राकडे बघितलं. "नाय ओ. सुट्या तारांत काय राम नसायचा. सहा तारा, सहा तोंडं. मी एकदा म्हटलं, मेल्या, तुजी गिटार बेसूर झालीय. तर हसायला लागला. म्हणाला, भंडारी, सुट्या तारा म्हणजे कच्चे कांदे. बोट ठेवलं की शिजतं."

अण्णा बाकावरून उठले. "बोट ठेवल्यावर गोड? ठेवायच्या आधी नाही?"

"आधी कसं गोड लागेल? काय झालं अण्णा? चेहरा का असा?"

"माझी उलटी आहे," अण्णा म्हणाले. "माझी अडीच महिने उलटी आहे, आणि पहिल्या पानावर लिहिलं होतं! मी वाचलं होतं!"

खिशातलं पाकीट काढून त्यांनी काशीरामच्या देखत त्याचे चार तुकडे केले.

खरं अवघड काम पुढेच होतं. भिकाजीला सांगायचं होतं, की तुझं चुकलं. अण्णांनी आजवर कुणालाच ते सांगितलं नव्हतं. आणि भिकाजी एकटा सापडायचा नाही. गणपती जवळ आल्यामुळे रोज संध्याकाळी देवळात मंडळाची तालीम असे. अण्णा दिवसभर घरात येरझारा घालत राहिले. संध्याकाळी त्यांनी गिटार काखेत मारली, पुस्तक घेतलं आणि देवळाची वाट धरली. काशीराम मागोमाग होताच. असली गंमत तो कशी सोडेल?

देवळात दहा-बारा जण होते. मृदंग थांबला, टाळ थांबले.

"भिकाजी," अण्णांनी गिटार त्याच्यापुढे ठेवली, "ही पुन्हा लावायला हवी. काळी दोन नव्हे. पुस्तकात वेगळं आहे."

भिकाजीच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे मी लावलेली चुकली म्हणता?"

अण्णांनी चष्मा पुसला. पळून जावंसं वाटलं. "तंबोरा म्हणून बरोबर लावलीत. गिटार म्हणून चुकली."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. भिकाजीचा चेहरा लाल झाला. "वीस वर्षं पेटी वाजवतोय मी. आणि तुम्ही पुस्तकातनं सांगताय?"

"हो. पुस्तकातनंच सांगतोय."

"आणि बोटीवरनं पण!" काशीराम खांबाआडून ओरडला. "भिक्या, लाव की! सहा सूर द्यायला काय तुझ्या बापाची पेटी झिजत्ये?"

सगळे हसले. भिकाजी फणकाऱ्याने पेटीपुढे सरकला. "सांगा. नंतर मला दोष देऊ नका."

अण्णांनी अक्षरांवरून पेटीच्या पट्ट्या घरीच ताडून आणल्या होत्या. हार्मोनियमच्या त्या दोन पुस्तकांत कधीकाळी वाचलेलं शेवटी असं कामी आलं. ते एकेक सांगत गेले. पांढरी तीन. पांढरी सहा. पांढरी दोन. पांढरी पाच. पांढरी सात. आणि पुन्हा पांढरी तीन, वरची. भिकाजी सूर धरी, खुंटी पिळी, कान लावी. कितीही रागावला असला तरी सूर तो चोख लावायचा. सहावी तार लागल्यावर त्याने अंगठा फिरवला.

बाजारात सहा माणसांनी सहा दिशांना हाका माराव्यात तसं वाजलं.

"घ्या!" भिकाजीने गिटार पुढे केली. "झालं समाधान? चांगल्या वस्तूचा विचका."

देवळात हशा पिकला. इतक्या माणसांपुढे त्यांनी जन्मात कधी तोंड उघडलं नव्हतं; वाजवणं तर दूरच. पण अडीच महिन्यांत बोटांना जागा पाठ झाल्या होत्या. गिटार छातीशी आली तशी डाव्या हाताची दोन बोटं आपोआप आपापल्या घरात जाऊन बसली. अण्णांनी डोळे मिटले आणि सहाही तारांवरून अंगठा खाली आणला.

ताट पडलं नाही. एक खोल, भरलेला आवाज निघाला. सहा तारा वेगवेगळ्या होत्या आणि तरी एका जागी होत्या.

अण्णांनी डोळे उघडले, ते पहिल्यांदा भिकाजीकडे गेले. भिकाजी मान कलती करून गिटारीकडे बघत होता.

"अजून एकदा," तो म्हणाला.

अण्णांनी अजून एकदा वाजवलं.

"हां," भिकाजी म्हणाला. मग थोडा वेळ पेटीच्या कडेवर नखाने टकटक करत राहिला. "लागलंय. दुसरं काय येतं?"

दुसरं अजून काही येत नव्हतं. तार लागली म्हणून हात लागतो असं थोडंच आहे! एक कॉर्ड, म्हणजे पुस्तकातली एक आकृती, येऊ लागला, दुसराही येऊ लागला, पण पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना बोटं वाटेत हरवत. अण्णा आता खोपीत नव्हे, पडवीत बसत. आठवडाभर त्यांनी फक्त ते जाणं-येणं केलं. पहिला, दुसरा, पहिला, दुसरा. दुसऱ्या आठवड्यात यमुनाबाई तांदूळ निवडता निवडता त्यावर आपोआप काहीतरी म्हणू लागल्या. मैना तान्ही असताना त्या म्हणत ती अंगाई.

"थांब, बोटं पोचू देत," अण्णा मध्येच म्हणत.

"मी थांबल्येच आहे. तुम्ही कधी पोचताय ते कळवा. तोवर पोर झोपून उठायची."

"हसवू नकोस. हसलो की चुकतं."

"म्हणजे जन्मभर बरोबरच वाजवाल."

गणपती आले, गौरी आल्या आणि गेल्या. अनंत चतुर्दशीच्या सकाळी अंगाई पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, न थांबता, एकदा पार पडली. एका ठिकाणी अण्णांची तार थडथडली, पण यमुनाबाई तशाच पुढे गेल्या आणि अण्णांनी त्यांना गाठलं. संपल्यावर अण्णांनी गिटार बाजूला ठेवली. यमुनाबाईंनी उठून कोनाड्यातली दौत आणि कागद त्यांच्यापुढे ठेवले.

अण्णांनी लिहिलं:

"चि. मैना, अनेक आशीर्वाद.

तुझ्या शिमग्यातल्या पत्राचं हे उत्तर. साडेसहा वर्षं लागली, कारण मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही एवढं लिहायचीही मला लाज वाटली. नाही म्हणायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. तू तसं समजलीस यात तुझी चूक नाही. गप्प राहिलेल्या माणसाचं कुणी काय समजावं?

पहिली गिटार घेताना तिची मान सरळ आहे ना आणि तारा पट्टीच्या जवळ आहेत ना, एवढं बघ. रंगाकडे बघू नकोस. तारा गिटार ठाऊक असलेल्या माणसाकडून लावून घे, आणि पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर तोंड उघडून विचार. मी विचारलं नाही, त्यापायी अडीच महिने माझ्याच बोटांना शिव्या दिल्या.

तू विचारलं होतंस, आपल्यासारख्यांना येईल का. येतं. मला एकसष्टाव्या वर्षी एक गाणं येतं. कोणतं, ते आईला विचार. तू एकोणतीस वर्षांची आहेस. मस्कतला जायच्या आधी मुंबईतच बघून घे. सोबत फिलोमिनाला ने. मी कळवण्यात उशीर केला, तू घेण्यात करू नकोस.

— बाबा."

एकदा वाचून बघितलं. पुन्हा वाचायला घेतलं, आणि अर्ध्यावर घडी घातली. पुन्हा वाचलं असतं तर त्यांनी ते नक्की बदललं असतं.

थांब्यावरच्या पेटीत टाकलं तर एक दिवस जास्त लागेल म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते रत्नागिरीत आले. मुख्य पोस्टात तिकीट घेतलं, पाण्यात बुडवलेल्या फडक्यावर ओलं करून चिकटवलं. टपालाची थैली दहाला निघते, असं खिडकीतला कारकून म्हणाला. पावणेदहा झाले होते. अण्णांनी पाकीट मुंबईच्या पेटीत टाकलं.